रोज जेवणाऱ्याची समीक्षा

विषय खाण्याचा असला की वक्त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं मात्र अवघड, कारण या विषयात समोर बसलेला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो की ‘अमक्या गल्लीत तमकं मिळतं’ अशी यादी आज आम्ही वाचणार नाही. आपल्या वस्तीतली छोटी हॉटेलं, खानावळी, पोळी-भाजी केंद्रं यांच्याबद्दल सध्या जे लिहिलं जातं, बोललं जातं आणि मोबाइलवर दाखवलं जातं, ते तपासून पाहायचं आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबईची घेऊ, मधूनच पुण्याला जाऊन येऊ.

एक शब्द हल्ली फार कानावर येतो, ‘हिडन जेम’. मराठी माणूसही तो तसाच वापरतो. त्या व्हिडिओचा साचा आपल्याला आता तोंडपाठ झालाय. आधी अरुंद गल्ली. मग मोठी कढई. मग तेलात पडणारा वडा आणि मुद्दाम मोठा केलेला त्याचा चर्र आवाज. मग ‘काका’ किंवा ‘मावशी’, त्यांच्या सुरकुतलेल्या हातांचं जवळून चित्रण, पाठोपाठ किंमत. शेवटी पहिला घास घेतल्यावर डोळे मिटून हलवलेली मान. मिनिटभरात सगळं आटोपतं. घास गिळायच्या आधीच निकाल लागलेला असतो, हे नीट बघा एकदा.

आता साधा प्रश्न असा, की हे रत्न दडलेलं होतं कोणापासून? त्या दुकानासमोर सकाळी साडेसातला रांग असते. रिक्षावाले, पोराला शाळेत सोडून आलेले पालक, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, आणि चाळीस वर्षं त्याच बाकावर बसणारे एक आजोबा. या सगळ्यांना ती जागा माहीत होती. कॅमेरा घेऊन आलेल्याला तेवढी माहीत नव्हती. ज्या जागेवर अख्खी वस्ती जेवते, तिला ‘दडलेली’ म्हणताना आपण वस्तीला माणसांत धरत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पण शब्दाशी आमचं भांडण छोटं आहे. मोठं भांडण मोजमापाशी आहे. पाहुणा एकदा जेवतो आणि मत देतो. त्या एका घासात त्याला काहीतरी व्हावं लागतं. तिखटानं डोळ्यांत पाणी यावं, लोण्याचा गोळा वितळावा, ताट टेबलाबाहेर जावं. हे मोजमाप लग्नाच्या पंगतीला ठीक आहे. वस्तीतल्या हॉटेलाला ते लावलं की सगळा हिशोब चुकतो, कारण ती जागा एकदा जेवणाऱ्यासाठी उभीच नसते. तिथं जो रोज जेवतो त्याचे प्रश्न वेगळे असतात. सलग चाळीस दिवस जेवून पोट बिघडलं नाही ना? महिन्याच्या पंचवीस तारखेला परवडतं का? आमटी काल होती तशीच आज आहे, तरी कंटाळा कसा येत नाही? एकटं बसून जेवताना कोणी टेबल रिकामं करायची घाई करतं का? यातला एकही प्रश्न कॅमेऱ्यात पकडता येत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की या जागांची खरी समीक्षा रोज जेवणारा करतो आणि आपण ती वाचायला शिकलेलो नाही. तो लिहीत नाही, तारे देत नाही. दुसऱ्या दिवशी परत येतो, किंवा येत नाही.

पाहुण्याच्या समीक्षेचं गाजलेलं उदाहरण घेऊ. २०१५ साली लंडनमधल्या ‘फूडीहब’च्या पुरस्कारांत दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. दादरकरांना आनंद झाला, व्हायलाच हवा. लगेच कोल्हापुरातून आणि पुण्यातून हरकत आली की ही कसली मिसळ, हिला कट कुठाय, तर्री कुठाय! आमच्या मते दोन्ही बाजू एकाच बाकावर बसल्या होत्या. दोघंही ‘सर्वांत’ या शब्दावर भांडत होते. त्या भागातल्या मराठी उपाहारगृहांची मिसळ बेताची तिखट का असते, हे कोणी विचारलं नाही. तिथं संध्याकाळी पाचला आजी, सून आणि सात वर्षांचा नातू एकाच टेबलाशी बसतात. ती मिसळ तिघांनी खायची असते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. उलट कोल्हापुरात सकाळी नऊला तालमीतून किंवा शेतावरून आलेला माणूस एकटा मिसळीसमोर बसतो, त्याची गरज निराळी. कटाचा रंग गिऱ्हाईक ठरवतं. हे न बघता कुठली मिसळ श्रेष्ठ हा वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा, वेळ बरा जातो.

रोज जेवणाऱ्याचं मोजमाप तयार कुठं झालं? खानावळीत. लालबाग, परळ, शिवडी, वरळी या गिरणगावात कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. बायका-मुलं गावी. पाळ्या तीन असल्यामुळे एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. ही माणसं जेवायची कुठं? त्याच चाळीतली एखादी बाई, बहुतेक वेळा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा, दहा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायची. पाटी नाही, मेनूकार्ड नाही, टेबल नाही. महिन्याचा दर ठरलेला आणि पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याकडची उधारी तिच्या नावावर.

या व्यवहारात एक सुंदर शब्द आहे, ‘खाडा’. गावी गेलात, आजारी पडलात, जेवला नाहीत, तर तेवढे खाडे धरून पैसे वजा. आता खाड्यांच्या मोजणीवरून किती भांडणं झाली असतील, कल्पना करा! बाई म्हणणार चार, हा म्हणणार सहा. पण या शब्दात त्या धंद्याचं सगळं तत्त्व आहे. हजर असणं हा नियम, गैरहजेरी हा अपवाद, आणि अपवादाचा हिशोब ठेवायचा. आजच्या कुठल्या रेस्तराँला तुम्ही काल आला नाहीत हे कळतं? पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये हा शब्द अजून जिवंत आहे. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद, आणि खाडा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा.

या खानावळवाल्या बायकांना कोणी समीक्षक मिळाला नाही, पण एक कार्यकर्ती मिळाली. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. बाईच्या हाताला चव होती आणि गिऱ्हाईकही होतं, पण भांडवल वाण्याचं किंवा सावकाराचं होतं. राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज गटाच्या हमीवर या बायकांना मिळू लागलं, तेव्हा ताटातल्या भाकरीमागचं व्याज कमी झालं. खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांनी व्याजदरावर एक ओळही लिहू नये, याचं आम्हाला नवल वाटतं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगाराच्या दिवसावर उभा असलेला धंदा पगारच थांबल्यावर कसा चालेल? गिरण्या गेल्या त्याचा इतिहास आपण लिहिला. गिरणगावातल्या त्या स्वयंपाकघरांचा मात्र एखाद-दुसऱ्या परिच्छेदात उरकला.

आपल्याकडे खाण्यावर चांगलं लिहिलं गेलं नाही असं मुळीच नाही. पु. लं.चं ‘माझे खाद्यजीवन’ आहे, दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ आहे, आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं तर घराघरातल्या वाटी-चमच्याला प्रमाण दिलं. पण मराठी खाद्यलेखनाचा मुक्काम जास्त करून घरच्या स्वयंपाकघरात किंवा पंगतीत राहिला. पैसे मोजून रोज जेवणारा माणूस त्यात फारसा दिसत नाही, आणि रांधून विकणारी बाई तर त्याहून कमी.

जरा पाट्यांकडे वळू. गिरगाव-दादरकडच्या जुन्या नावांचा एक गट करून बघा. विनय हेल्थ होम. तांबे आरोग्य भुवन. प्रकाश दुग्ध मंदिर. मामा काणे यांचं तर ‘स्वच्छ उपाहारगृह’. आरोग्य, मंदिर, स्वच्छ! वडा-मिसळ विकायला ही नावं कशाला लागली? कारण बाहेर खाणं ही संशयाची गोष्ट होती. पोट बिघडेल हा एक संशय, आणि विटाळ होईल हा दुसरा. पाटी दोन्हींना एकदम उत्तर देत होती. (जाता जाता, ‘उपाहार’ म्हणजे फराळ आणि ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. निम्म्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं, पण आजवर आम्हाला तिथं काही फुकट मिळालेलं नाही.) (हशा)

हसलात, पण त्या दुसऱ्या संशयावर थोडं थांबावं लागेल. ‘आमच्या वस्तीतलं आमचं हॉटेल’ असं आपण प्रेमानं म्हणतो तेव्हा ‘आमचं’ कोणाचं? एके काळी ‘ब्राह्मणांचे’ असं पाटीवर छापलेलं असे आणि ते जाहिरातीसारखं असे. चहाच्या दुकानात कोणाला कपबशी आणि कोणाला बाहेर ठेवलेली वेगळी भांडी, हा या देशाचा इतिहास आहे. म्हणून तर राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. घटनाकारांना ठाऊक होतं की माणसाला बरोबरीनं वागवणं मतपेटीपाशी जितकं अडतं, तितकंच चहाच्या टपरीवर अडतं. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं तिथली मनाई शिक्षेला पात्र ठरवली. जुन्या जागांबद्दल हळवं होताना हा भाग गाळून टाकायची आपल्याला सवय आहे. इराण्याच्या हॉटेलाबद्दल मुंबईला जे विशेष प्रेम आहे, त्यातही हे कारण असावं असं आम्हाला वाटतं. मालक इथल्या जातींच्या उतरंडीबाहेरचा होता. एका चहावर तासभर बसणाऱ्याकडे तो वैतागून बघायचा, पण सगळ्यांकडे सारख्याच वैतागानं बघायचा.

आता आजच्या खानावळीकडे येऊ. तिचं नाव पोळी-भाजी केंद्र. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, कुठेही जा, स्टेशनापासून घराकडच्या वाटेवर एक छोटा गाळा असतो. काचेच्या कपाटात स्टीलची पातेली, आत तीन-चार बायका, पोळपाट-लाटणी आणि मोठे तवे. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात लोकलमधून उतरलेली बाई खांद्यावर पर्स, हातात भाजीची पिशवी घेऊन तिथं थांबते. “दहा पोळ्या आणि एक मटकी द्या ओ ताई.” पोळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये, भाजी डब्यात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. संवाद तेवढाच. वीस मिनिटांनी ती पोळी तिच्या घरात ताटात असते आणि घरात कोणी विचारत नाही ती कोणी लाटली.

आम्हाला विचाराल तर गेल्या काही दशकांत शहरी महाराष्ट्रात झालेला खाण्यातला सगळ्यात मोठा बदल हा आहे. कॉफीची दुकानं वगैरे नंतर. ‘बाहेरची पोळी’ हा शब्दप्रयोग एका पिढीपूर्वी शिवीसारखा होता. ज्या घरात बाईनं पोळ्या विकत आणल्या, तिथं तिच्या संसाराबद्दल कुजबुज व्हायची. ती कुजबुज बंद पडली. कोणत्या लेखामुळे नाही, रोज संध्याकाळी साडेसातला पोळी मऊ मिळाली म्हणून.

आणि इथं बघा, रोज जेवणाऱ्याची कसोटी किती कठोर आहे. केंद्राची पोळी गरम असताना कोणाचीही चांगलीच लागते. तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता ऑफिसात डबा उघडल्यावर होते. वातड झाली का? कडा पापडासारख्या झाल्या का? तेल सुटून कागद पारदर्शक झाला का? कणीक कितपत सैल भिजवली, किती वेळ मुरू दिली, तेलाचं बोट किती, तवा किती तापलेला, आणि गरम गरम बांधून वाफेचं पाणी तर नाही ना झालं, या सगळ्याचा निकाल अठरा तासांनी लागतो. भाजीचंही तसंच. पहिल्या घासाला जिंकणारी भाजी तेल-तिखटावर जिंकते आणि पंधराव्या दिवशी छातीत जळजळ करते. केंद्राची दुधी-चणाडाळ कोणाच्याही स्वप्नात येत नाही. महिन्यातून आठ वेळा ती घरी येते, एवढंच. ही तिची गुणवत्ता आहे आणि ती मांडायला आपल्याकडे शब्द कमी आहेत. ‘खमंग’, ‘चमचमीत’, ‘झणझणीत’ ही विशेषणं भरपूर. ‘रोज चालेल असं’ यासाठी एक शब्द? ‘साधं’. आणि ‘साधं’ म्हणताना आपला आवाज खाली जातो.

या केंद्राचं वर्ष कॅलेंडरवर चालतं, हेही त्याचं वैशिष्ट्य. संकष्टीला उकडीचे मोदक, तेही आगाऊ सांगितले तर. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. श्रावणात पुरण. दिवाळीआधी पंधरा दिवस पोळ्या कमी आणि चकल्या जास्त, तेव्हा नेहमीचं गिऱ्हाईक कुरकुरतं. वस्तीत कोणत्या घरी सुतक आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा मुलगा परदेशी गेल्यामुळे दहाच्या पोळ्या सहावर आल्या, हे त्या गाळ्यातल्या बायकांना कळत असतं. पोळ्यांची संख्या म्हणजे घराची जनगणनाच. मात्र या बायकांना पोळीमागे किंवा दिवसाला किती मिळतात, उभ्यानं किती तास तव्यापुढे काढावे लागतात, पंखा कुठल्या दिशेला लावलाय, गिऱ्हाइकाकडे की तव्याकडे, हे समीक्षेत यायला नको का? आम्ही तरी गाळ्यासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा पंखा बघतो.

स्वस्त आणि मस्त असं आपण एका दमात म्हणतो, पण स्वस्ताईचं कारण बहुधा चवीच्या बाहेर असतं. मुंबईतल्या जुन्या जागांच्या बाबतीत ते कारण भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य झाली. म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या कपात दूध-साखरेबरोबर घरमालकाचंही काही होतं, त्याच्या मनाविरुद्ध घातलेलं. त्याची दुसरी बाजूही आहे. भाडं येत नाही म्हणून इमारतीला रंग नाही, गळती तशीच, आणि शेवटी पुनर्विकास. टॉवर झाला की तळमजल्याच्या त्या हॉटेलाला गाळा मिळतो खरा, पण त्याबरोबर मेंटेनन्स येतो, धुराड्याला सोसायटीची हरकत येते, बाकडं ठेवायला फुटपाथ राहत नाही. पाककृती तीच असते. ती ज्यावर उभी होती ते जातं.

पावाचंही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. लगेच ‘ब्रून मेला’ म्हणून गळे काढले गेले. भट्टीच्या मागच्या खिडकीत राहणाऱ्या बाईचा खोकला कोणी ऐकला का? तीही त्याच बेकरीचा पाव रोज खाते. आमचा प्रश्न एवढाच, की भट्टी बदलायचा खर्च छोटा बेकरीवाला कुठून काढणार? तो पावाच्या किमतीत आला तर वडापाव खाऊन दुपार काढणाऱ्याचं काय? चवीचा शोक त्यानंतर करू.

शोकावरून आठवलं. २०१४ च्या मार्चमध्ये ग्रँट रोडचं ‘बी. मेरवान’ बंद होणार अशी बातमी आली. १९१४ सालची जागा, शंभर वर्षांची. शेवटच्या दिवसांत मावा केकसाठी ही रांग लागली! वर्तमानपत्रांत आठवणींचे लेख आले. पुढे ते पुन्हा सुरूही झालं, तो भाग वेगळा. पण त्या निरोपाच्या गर्दीतले किती जण आधीच्या वर्षभरात तिथं एकदा तरी गेले होते? निरोपाला येणारा आणि रीलसाठी येणारा, दोघंही एकदाच येतात. एक जन्माला टाळ्या वाजवतो, दुसरा मयताला रडतो. मधल्या शंभर वर्षांचा धंदा सकाळी सहाला बनमस्का खाणाऱ्यांनी चालवलेला असतो. माटुंगा स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं १९४२ सालचं उडुपी बोर्डिंग आहे, केळीच्या पानावर जेवण. आज तिथं पर्यटकही येतात, हरकत नाही. पण ‘बोर्डिंग’ हा शब्द पाटीवर का आहे, ते त्यांना कोणी सांगायला हवं. ती कौतुकाची जागा म्हणून सुरू झाली नव्हती. एकट्या राहणाऱ्या नोकरदाराच्या रोजच्या भुकेसाठी झाली होती.

वेळेबद्दलही थोडं. पुण्याच्या दुपारच्या एक ते चारवर आपण इतके विनोद केले की चितळ्यांनी २०१७ साली दुकान दुपारीही उघडं ठेवायचं जाहीर केलं तेव्हा ती राज्यभरची बातमी झाली. विनोद बरे होते. पण घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या दुकानात ते तीन तास म्हणजे मालकाचं जेवण आणि गड्याची झोप असते. चोवीस तास उघडी जागा कोणाच्या तरी झोपेवर चालते.

आता रोज जेवणाऱ्याचीही उलटतपासणी करू, नाहीतर तो देवच होऊन बसेल. त्याचा मोठा दोष म्हणजे त्याला सवय होते, आणि सवय झालं की दिसायचं बंद होतं. टेबल पुसणारा बारक्या, बाहेर चहा पोचवणारा ‘बाहेरवाला’ पोरगा, यांच्याबद्दल आपल्या आठवणींच्या लेखांत किती लडिवाळपणे लिहिलेलं असतं. त्याची चपळाई, त्याची पाठ झालेली ऑर्डर, एका हातात सहा ग्लास. तो नऊ वर्षांचा होता हो! हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला सरकारनं ऑक्टोबर २००६ पासून बंदी घातली. तोवर, आणि खरं तर त्यानंतरही, रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्याच्या हातून चहा घेतलाच. पाहुण्याला निदान तो खटकला असता. काही हॉटेलांतली मुलं रात्रशाळेत शिकून पुढे गेली हेही खरं आहे, आणि त्या गोष्टी सांगायला आपल्याला आवडतात. जी त्याच टेबलांवर पथारी पसरून झोपत मोठी झाली, त्यांच्या गोष्टी सांगणारं कोणी उरलं नाही.

दुसरा दोष असा की रोज जेवणारा बहुतेक वेळा पुरुष गृहीत धरलेला असतो. वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात सकाळी एकटी बाई चहा पीत पेपर वाचत बसलीय, हे चित्र आजही किती ठिकाणी सहज दिसतं? इराण्याकडे ‘फॅमिली रूम’ असायची, म्हणजे बाईनं यायचं तर कुटुंब घेऊन. पोळी-भाजी केंद्र बायकांचं खरं, पण तिथं बसायला खुर्ची नाही. ती तिथून अन्न घरी नेते आणि घरच्यांना वाढते. ज्या दिवशी त्या गाळ्यासमोर दोन बाकडी पडतील आणि बाई तिथंच बसून गरम पोळी खाईल, त्या दिवशी आम्ही पुन्हा व्याख्यान देऊ.

प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ आहे. मागून एक चिठ्ठी आली आहे. “एवढं बोललात, पण तुमच्या आवडत्या पोळी-भाजी केंद्राचं नाव सांगितलं नाहीत. का?” रास्त प्रश्न आहे. नाव गुप्त नाही, आमच्या पलीकडच्या इमारतीतल्या कोणालाही विचारा. अडचण वेगळी आहे. तिथं चार जणी मिळून संध्याकाळी जेवढ्या पोळ्या लाटतात, तेवढ्या आठपर्यंत संपतात. शेवटची गाडी पकडून येणारी एक नर्स आहे. तिच्या सहा पोळ्या कपाटाच्या खालच्या फळीवर बाजूला काढून ठेवलेल्या असतात, वर चिठ्ठी नसते. तुम्ही पन्नास जण उद्या सव्वासातला तिथं गेलात, तर ती फळी रिकामी करायची का नाही, हे त्या ताईंना गिऱ्हाइकांदेखत ठरवावं लागेल.